सरासरी काढली, पण कशाची?



सरकारी आकडा तोंडावर फेकला की आपण गप्प बसतो. यापुढे बसायचे नाही. केंद्र सरकारच्या नमुना पाहणीत २०१८-१९ साली देशातल्या शेतकरी कुटुंबावर सरासरी ७४,१२१ रुपये कर्ज निघाले. ऐकणारा म्हणेल, एवढ्याशा कर्जाचा काय गवगवा! पण त्याच पाहणीत असेही आहे की कर्ज ५०.२ टक्के कुटुंबांवरच होते. म्हणजे भागाकारात बिनकर्जी घरेही धरली. ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे तेवढेच मोजले, तर आकडा दीड लाखाच्या घरात जातो.

बेरीज केली, भागले, झाली सरासरी, एवढेच शाळेत शिकवतात. समजा, गावातल्या नऊ जणांची पऱ्हाटी सारख्याच एकरांत आहे आणि एकरी कापूस झाला २, २, ३, ३, ३, ४, ४, १२ आणि १२ क्विंटल. शेवटचे दोघे विहीरवाले. सरासरी येते ५. पाच क्विंटल पिकवणारा गावात एकही नाही. सात जण त्याच्या खालीच! आता आकडे चढत्या क्रमाने मांडा आणि बरोबर मधला बघा: ३. याला मध्यक म्हणतात. गावातून जिनिंगला किती कापूस जाईल हे काढायचे असेल तर ५ चाच आकडा घ्या, तोच बरोबर. पण कोरडवाहू घराला कर्ज फेडता येईल का, असा प्रश्न असेल तर ५ सांगणारा आपली थट्टा करतो आहे.

पीक विम्यात तर कोणती वर्षे धरली यावरच पैसा ठरतो. २०२० च्या सुधारित सूचनांनुसार उंबरठा उत्पादन मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांवरून काढायचे आणि जोखीमस्तराने गुणायचे. एखाद्या मंडळात ज्वारी हेक्टरी २, ४, ८, ९, ९, ९, १० क्विंटल अशी झाली असे धरा. सातही वर्षांची सरासरी ७.३, चांगल्या पाचांची ९. जोखीमस्तर ७० टक्के असेल तर उंबरठा ५.१ की ६.३, हा प्रश्न आहे. यंदा मंडळात ५.४ झाली तर पहिल्या हिशेबाने छदामही नाही; दुसऱ्याने विमा रकमेचा सातवा हिस्सा.

अर्थात हे ५.४ सुद्धा मंडळातल्या कापणी प्रयोगांची सरासरीच. शेजारच्या ओलिताने ती वर गेली, तर तुमचे रिकामे वावर तिला दिसत नाही. ते दुखणे वेगळे, त्यावर वेगळे भांडावे लागेल.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या मंडळाचे सात वर्षांचे ज्वारी-कापसाचे आकडे कृषी कार्यालयातून लेखी मागून आणा. भागाकार आपण तिथेच बसून करू.