यामाशितांवरील आरोप नेमका काय होता?



गेल्या अंकातील लेखानुसार मनिलातील कत्तलीचा हुकूम दिल्याबद्दल जपानी जनरल यामाशितांना फाशी झाली. निकालाचा आधार वेगळा होता: सैन्यावर ताबा ठेवला नाही. मनिलात सुमारे एक लाख नागरिक मेले, हे खरेच; पण तिथे लढत होते मुख्यतः ॲडमिरल इवाबुचींचे नौसैनिक.

३ सप्टेंबर १९४५ रोजी फिलिपिन्समधील बागिओत यामाशितांच्या शरणागतीवर सह्या झाल्या, तेव्हा सिंगापुरात यामाशितांनाच शरण गेलेले ब्रिटिश जनरल पर्सिव्हल मुद्दाम हजर ठेवले होते!

पुढे झालेल्या खटल्यात न्यायासनावर पाच अमेरिकी जनरल, त्यांत वकील एकही नाही. ७ डिसेंबरला, पर्ल हार्बरच्या स्मृतिदिनीच, शिक्षा सुनावली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मर्फी आणि रटलेज या न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले.

लेखात एवढी दुरुस्ती व्हावी.

— एक वाचक, पुणे