शिध्याच्या पिशवीतील तेल

२०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्या पिशवीत रवा, चणाडाळ व साखर यांच्या जोडीला एक लिटर पामतेल होते. अमरावती-अकोल्याकडील ज्या घरांत हे तेल गेले, त्यांतील कित्येकांच्या अंगणात त्याच सुमारास सोयाबीनची रास पडलेली होती. तेलबिया पिकविणाऱ्याने परदेशातून आलेले तेल रांगेत उभे राहून घ्यावे, यातील विसंगती कोणाला फारशी बोचली नाही.

हृदयविकार हा तूप खाणाऱ्या श्रीमंतांचा रोग, ही आपल्या कार्यकर्त्यांतही रुजलेली समजूत आता सोडून द्यावयास हवी. शेतमजुराच्या घरातही तो आज शिरला आहे. स्निग्ध पदार्थ सारे एका जातीचे नसतात. संपृक्त स्निग्धांश रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितो. त्याच्या जागी करडई वा सोयाबीनच्या तेलातील असंपृक्त स्निग्धांश आला तर ते घटते. पामतेलात संपृक्त भाग जवळजवळ निम्मा, करडईच्या तेलात मात्र दहा टक्क्यांच्या आसपास असतो. पामतेल विष नव्हे, हेही सांगितले पाहिजे. आणि तेल कमी करून त्या जागी मैदा नि साखर खाल्ली तर हृदयाला काहीच लाभ नाही.

खरे घातक निघाले ते वनस्पती तूप. तेलात हायड्रोजन सोडून ते गोठविताना ट्रान्स स्निग्धाम्ले तयार होतात. ती घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटवितात. डच शास्त्रज्ञांनी हे १९९० मध्ये दाखवून दिले. आपल्याकडे ट्रान्स स्निग्धांशावर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ मध्ये! मधल्या तीन दशकांत गरिबाच्या लग्नातील बुंदी आणि कामगाराच्या चहासोबतची खारी कशात तळली-भाजली गेली, याचा हिशेब कोणी मांडावयाचा?

वऱ्हाडची जुनी थाळी या बाबतीत शहाणी होती. भाकरीवर जवसाची चटणी असे, आणि जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ जातीच्या स्निग्धाम्लाचा असतो. रब्बी ज्वारीच्या कडेने काटेरी करडई पेरीत. गुरे आत शिरत नसत आणि घरचे तेलही निघे. गतकाळाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. जवसाचे तेल तळणाला चालत नाही, ते लवकर खवट होते. पण लाकडी घाण्याचे तेल आज शहरांतील सुखवस्तू चढ्या भावाने नेतात, आणि ज्यांच्या आज्यापणज्यांनी ते रोज खाल्ले त्यांना ते परवडत नाही, ही गोष्ट साधी नव्हे.

म्हणून ‘आहार सुधारा’ असा उपदेश मजुराला करणे व्यर्थ आहे. त्याच्या कढईत काय पडावे हे आयातधोरण ठरविते. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. आज देशातील निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. २०२४ च्या हंगामात सोयाबीन हमीभावाखाली विकले जात होते. त्या सप्टेंबरात शासनाने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले, आणि मे २०२५ मध्ये, पुढील पेरणीच्या तोंडावर, ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले. तेल स्वस्त हवे, ही मजुराची मागणी न्याय्यच आहे. शेतकऱ्याला भाव हवा, हीही तितकीच न्याय्य. या दोघांना परस्परांविरुद्ध उभे करणे शासनाला सोयीचे वाटते, आपण त्यात सापडू नये.

वाट आहे. हमीभावाने सोयाबीन, करडई व जवस खरेदी करा, जिल्ह्यातच त्यांचे गाळप करा आणि ते तेल स्वस्त धान्य दुकानातून द्या. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने करडईचे वाण विकसित केलेले आहेत. बियाण्याची सबब चालणार नाही. तालुक्याच्या पुढील मोर्चात भावाच्या मागणीशेजारी ही मागणीही निवेदनात लिहावी, आणि शिध्याच्या पिशवीतील तेल कोठून आले हे तहसीलदारांना विचारावे.