आधी संहिता, मग पडदा

संहिता, चित्र, नकाशा व ध्वनी यांना दुव्यांनी परस्परांशी जोडणाऱ्या रचनेस हायपरमीडिया म्हणतात. अशा रचनेचा व्याप वाढला की तिचे यश तंत्रज्ञाच्या कौशल्याइतकेच कामाच्या क्रमावर अवलंबून राहते; आणि हा क्रम ठरविणे हे मूलतः संपादकाचे कार्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या संदर्भात प्राचीन ग्रीक वाङ्मयावरील ‘पर्सियस’ प्रकल्पाचे उदाहरण उद्बोधक आहे. ग्रेगरी क्रेन यांच्या नेतृत्वाखाली हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या या प्रकल्पाची पहिली आवृत्ती १९९२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्कवर निघाली. तिचा आधार मॅकिंटॉश संगणकावरील ‘हायपरकार्ड’ ही प्रणाली होता. परंतु मूळ संहिता हायपरकार्डच्या स्वाधीन केलेल्या नव्हत्या. त्यांचे चिन्हांकन एसजीएमएल या प्रणालीनिरपेक्ष पद्धतीने स्वतंत्रपणे केलेले होते. म्हणूनच १९९५ मध्ये प्रकल्प वेबवर नेताना त्या संहिता उपयोगी पडल्या. २००४ मध्ये हायपरकार्डची विक्री थांबली. पर्सियस मात्र टिकून राहिले.

मराठीत याच्या विपरीत अनुभव आलेला आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या फाँटांत टंकलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग ठरतो. श्रम संहितेवर झाले. हाती उरला तो छापील कागद.

उद्या ‘लीळाचरित्रा’ची अशी आवृत्ती करावयाची झाल्यास प्रत्येक लीळा ‘स्थानपोथी’तील स्थळाशी व नकाशाशी जोडता येईल. पण लीळांचा क्रम व संख्या सर्व प्रतींत एक नाही. लीळेच्या क्रमांकावर दुवा बांधला, तर दुसरी प्रत समाविष्ट करताच तो चुकीच्या जागी नेईल. तेव्हा प्रत्येक लीळेला प्रतनिरपेक्ष, स्थिर ओळख देणे हे पहिले काम. त्यानंतर केवळ ‘एकांक’ हा भाग पाठभेद, दुवे व तपासणीसह पूर्ण करावा; त्यात ठरलेले नियम लेखी नोंदवावेत; आणि मगच ‘पूर्वार्ध’ व ‘उत्तरार्ध’ हाती घ्यावेत.

या क्रमाने दर्शनी फळ उशिरा दिसते व अनुदान देणाऱ्यांचा धीर सुटतो, हा आक्षेप खरा आहे. तथापि पूर्ण झालेला एक लहान भाग हेच त्याचे उत्तर होय. पडदे बदलत राहणार. संहितेची शिस्त मात्र एकदाच, आणि आरंभीच, लावता येते. ती जबाबदारी साहित्याच्या अभ्यासकाने तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होणे इष्ट नाही.