चावी वायरीच्या टोकाला बांधा

बेळगावच्या आठवणी म्हटलं की इथे कुंदा, मांडे, किल्ला हे सगळं येतं. उद्यमबागेबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल तिथल्या फाउंड्र्यांवर आणि मशीन शॉपवर पेटली. आमची शेड लहानच होती, ग्रिल-गेटच्या कामाची. पण ग्राइंडरचा आवाज नसेल तर दिवस उजाडल्यासारखा वाटायचा नाही!

वडील ग्राइंडर आणि चकत्या विकत आणायचे. बाकी सगळं भंगारातून. भिंतीला दोन पट्ट्या वेल्ड करून केलेली काट्यासारखी खुंटी, त्यात मशीनची मान अडकायची, चकती भिंतीकडे. मशीन जमिनीवर ठेवलेलं त्यांना खपत नसे. चकत्यांसाठी प्लायवर उभ्या सळ्या: चार इंची चकतीचं भोक १६ मिमी, म्हणून १२ची सळी, सात इंचीचं २२ मिमी, म्हणून २०ची. कटिंगच्या, घासायच्या आणि पॉलिशच्या चकत्या वेगवेगळ्या सळीवर, आडव्या, एकावर एक. पावसाळ्यात त्या पत्र्याच्या डब्यात जायच्या. चकती राळेनं बांधलेली असते, ओल धरली की कमजोर होते. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे.

पण या सगळ्यात शहाणपणाची वस्तू म्हणजे चावी. दोन खिळ्यांची ती चावी कायम हरवते. मग पोरं छिन्नी-हातोडीनं नट सोडवतात. वडिलांनी ती वायरीला बांधली होती, तीही मशीनजवळ नव्हे, पिनेजवळ. दोर एवढा आखूड की पिन बोर्डातून काढल्याशिवाय चावी चकतीपर्यंत पोचणारच नाही. चार इंची मशीनचा स्विच सरकवायचा असतो. लाइट गेली आणि तो चालूच राहिला, तर लाइट येताच मशीन उसळतं. त्या वेळी बोटं चकतीवर असली तर? सुतळीच्या एका तुकड्यानं हा प्रश्नच मिटवला होता.

आता मूळ मुद्दा. हल्ली जुगाड म्हटलं की दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतात, हे सगळं गावठी, कंपनीचंच घ्या. दुसरे कुठल्याही जुगाडाला टाळ्या वाजवतात. मला दोन्ही पटत नाहीत. मशीन ठेवायला, टांगायला, चावी सापडायला, ठिणग्या अडवायला पत्रा उभा करायला जे काही घरी कराल ते खुशाल करा. पण फिरणारा भाग आणि त्यावरचा गार्ड, इथे जुगाड नको म्हणजे नकोच.

सगळ्यात जास्त चालणारा जुगाड नेमका तिथलाच आहे. चार इंची मशीनचा गार्ड काढायचा आणि मोठी चकती बसवायची, म्हणजे काप खोल जातो. हिशोब करा की. चार इंची मशीन मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतं. चार इंची चकतीची कड त्या वेगात सेकंदाला ५८ मीटर जाते. तिथेच सात इंची बसवली तर १०४ मीटर! आणि चकतीवर मर्यादा छापलेली असते ८० मीटरची. ती फुटणार नाही असं कोण सांगणार? आणि फुटली तर अडवायला गार्डही नाही. झिजलेली सात इंची चकती बुश घालून चार इंचीवर चढवणारेही बघितलेत. तिच्यावर वेग छापलेला असतो साधारण ८,५००चा. झिजून लहान झाली म्हणून ती ११,०००ची होत नाही.

ओळखीतल्या एका शेडमध्ये असंच होऊन एका पोराचा डोळा गेला. मालक म्हणाले, "त्याचं नशीब." मला हा शब्द मान्य नाही. गार्ड कुणाच्या सांगण्यावरून काढला होता, हे विचारायला नको? दिवसाच्या पगारावर येणारा पोरगा मालकाला नाही म्हणू शकत नाही. म्हणून गार्ड जागेवर ठेवणं आणि चष्मा देणं ही आधी मालकाची जबाबदारी, मग पोराची.

जुन्या मिस्त्री लोकांचं कौतुक आपण "काहीही करून दाखवायचे" म्हणून करतो. मला वाटतं, काय करायचं नाही हे त्यांना कळत होतं, खरी कारागिरी तीच. वडील एवढंच म्हणायचे, "लोखंड परत आणता येतंय गा, बोट न्हाई."

तुमच्यापैकी कुणाची शेड असेल, हुबळीत, इंदुरात, बडोद्यात, कुठेही, तर उद्या सकाळी एक काम करा. अर्धा हात सुतळी घ्या आणि चावी पिनेजवळ बांधा. आणि तुमच्या घरच्या मिस्त्रींनी असं काय काय करून ठेवलं होतं, ते खाली जरूर लिहा. हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.