नाममुद्रेचा धनी कोण?

मध्ययुगीन भक्तिसाहित्याच्या संपादनात ‘प्रक्षिप्त’ या शब्दाइतका सोयीचा आणि तितकाच घातक शब्द दुसरा नसेल. मूळ रचना एकाच कर्त्याची, मागाहून शिरलेले ते सारे उपरे, आणि हे उपरे निवडून बाहेर काढणे हेच संपादकाचे कार्य, अशी भूमिका या शब्दामागे गृहीत असते. ज्ञानेश्वरीसारख्या सलग ग्रंथाच्या बाबतीत ती बव्हंशी योग्यही आहे. 1584 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी पदरची भर घालू नये असे बजावले, ते याच जाणिवेतून. परंतु जे साहित्य गायनासाठी निर्माण झाले आणि गायनातूनच वाढले, त्यालाही हीच कसोटी लावणे कितपत न्याय्य, याचा विचार व्हावयास हवा.

या दृष्टीने नामदेवांचे उदाहरण बोलके आहे. परंपरेनुसार त्यांचा काळ 1270 ते 1350 असा मानला जातो. त्यांच्या हयातीतील एकही हस्तलिखित उपलब्ध नाही. 1604 मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथाचे संकलन केले. त्यात नामदेवांची 61 पदे समाविष्ट झाली आणि तेथे हा आकडा कायमचा स्थिरावला. महाराष्ट्रात मात्र 1970 साली शासनाने प्रसिद्ध केलेल्या गाथेत दोन हजारांवर अभंग आढळतात. नामदेवांच्या नावावरील अभंगांत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्यासारख्या उत्तरकालीन कवींच्या रचना मिसळल्या आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. एकाच संताच्या वाणीची ही दोन भवितव्ये. पंजाबात संकलनाला अधिकारी पुरुष लाभला. वारकऱ्यांमध्ये मात्र ग्रंथांना मान्यता देणारे एखादे धर्मपीठ वा सभा कधीच नव्हती.

नियंता नव्हता म्हणून नियमही नव्हता, असे मात्र नव्हे. अभंगाची ठरीव चरणरचना, त्यातील यमक, टाळ-मृदंगाची लय आणि कीर्तनकाराचे बाड ही या निर्मितीची साधने होती, तशीच तिची बंधनेही होती. जे श्रोत्यांच्या कानाला रुचले नाही किंवा श्रद्धेला पटले नाही, ते पुन्हा गायिले गेले नाही. आणि जे गायिले गेले नाही, ते बहुधा बाडातही उतरले नाही. निवड झालीच; ती कोणा एकाने केली नाही, इतकेच.

अशा व्यवस्थेत ‘नामा म्हणे’ या मुद्रेचा अर्थ वेगळा लावावा लागतो. दुसऱ्याच्या नावाने लिहिणारा लबाड त्या नावाची कीर्ती स्वतःच्या लाभासाठी वापरतो. येथे उत्तरकालीन कवी स्वतःचे नावच विसर्जित करतो. त्याच्या हाती ना कीर्ती उरते, ना मोबदला. म्हणून ही मुद्रा मालकीची निशाणी नसून एका परंपरेत सामील झाल्याची ग्वाही आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कबीराच्या बाबतीतही हेच दिसते. कबीरपंथाचा बीजक, आदिग्रंथातील पदे आणि राजस्थानातील दादूपंथी पोथ्या यांतून कबीराची तीन भिन्न रूपे समोर येतात. त्यांपैकी एकालाच खरे ठरविणे म्हणजे उरलेल्या दोन श्रोतृसमाजांचा इतिहास पुसून टाकणे होय.

यावर भाषेतिहासकाराचा आक्षेप रास्त आहे. चौदाव्या आणि सोळाव्या शतकांतील मराठी एकत्र कालविली, तर भाषेच्या विकासाचा मागोवा घेणेच अशक्य होईल. तेव्हा थर वेगळे केलेच पाहिजेत. मात्र वेगळे करणे निराळे आणि टाकून देणे निराळे. भांडारकर संस्थेच्या महाभारतात सुखटणकरांनी मूळ संहितेबाहेर ठेवलेला मजकूरही तळटीपांतून व परिशिष्टांतून काटेकोरपणे जपला. संतांच्या गाथांसाठी याच्याही पुढे जावे लागेल. प्रत्येक अभंग कोणत्या काळच्या, कोणत्या फडाच्या वा प्रांताच्या बाडात प्रथम आढळतो, त्याची मांडणी करणारी आवृत्ती हवी. तीत उत्तरकालीन रचनांना परिशिष्टातला बारीक टाइप नव्हे, तर त्यांच्या शतकाचे मानाचे पान मिळावे.

तथापि ‘सामूहिक निर्मिती’ या शब्दाची भुरळ पडता कामा नये. या समूहाने चोखामेळ्याला संतमालिकेत स्थान दिले, त्याचे अभंग जतन केले. पण त्याला देवळाच्या आत घेतले नाही. त्याच्या जातीच्या लोकांना विठ्ठलमंदिराचे दार खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. नियंत्याच्या अभावी वाणी मुक्तपणे वाढू शकते. समता मात्र आपोआप वाढत नाही, ती जाणीवपूर्वक मिळवावी लागते. समूहाचा गौरव करताना त्या समूहात कोणाला बोलता आले आणि कोणाला उंबऱ्याशीच थांबावे लागले, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येणार नाही.

सारांश, खरा नामदेव कोणता, एवढ्यावरच विद्यापीठीय संशोधन थांबले, तर हाती उरेल तो एक सडपातळ आणि निःशंक नामदेव. सहा शतके ज्यांनी त्याच्या नावाने गायिले, त्या अनामिकांना मात्र साहित्याच्या इतिहासात जागाच राहणार नाही.