विश्लेषण : जुन्या मोटारीला इलेक्ट्रिक इंधनपंप बसवावा का?

पन्नाशी ओलांडलेली फियाट ११०० किंवा जुनी अॅम्बॅसॅडर भर उन्हात घाट चढताना मध्येच बंद पडली की इलेक्ट्रिक पंप बसवून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही. मात्र तो घाईने अमलात आणला तर बंद पडणाऱ्या मोटारीची पेट घेणारी मोटार होऊ शकते.

जुना पंप कमी का पडतो?

या मोटारींचा मूळ पंप इंजिनाला चिकटून बसवलेला असतो. एसी या उत्पादकाच्या नावावरून गॅरेजमध्ये त्याला ‘एसी पंप’ म्हणतात, वातानुकूलनाशी त्याचा काही संबंध नाही. कॅमशाफ्ट फिरला की पंपाची दांडी खालीवर होते, आतला लवचीक पडदा म्हणजे डायफ्रॅम हलतो आणि मागच्या टाकीतले पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरकडे जाते. अडचण या ओढण्यातच आहे. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक मुळातच ३५-४० अंशांच्या आसपास उकळू लागतात. तापलेल्या इंजिनाशेजारी नळीत त्याची वाफ होते आणि पंप नुसतीच वाफ हलवत राहतो. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. बोरघाटात बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकण्याचा जुना उपाय याच कारणासाठी होता, आणि तो लागूही पडत असे.

इथेनॉलचा संबंध काय?

देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. जुन्या पंपांतले डायफ्रॅम आणि रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनलेल्या नव्हत्या. इथेनॉलमुळे जुने रबर फुगते, मऊ पडते, पुढे चिरते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा धरून ठेवते. महिनोन्‌महिने उभ्या असणाऱ्या मोटारीची पत्र्याची टाकी त्यामुळे आतून गंजू लागते. म्हणजे फक्त पंप बदलून भागत नाही. नळ्या आणि टाकीही तपासाव्याच लागतात.

इलेक्ट्रिक पंपाने काय साधते?

हा पंप टाकीजवळ, शक्य तितका खाली बसवतात. तो इंधन ओढण्याऐवजी ढकलतो. नळीत दाब राहिल्याने वाफ सहजासहजी होत नाही. महिनाभर उभी असलेली मोटारही किल्ली फिरवल्यावर काही क्षणांत सुरू होण्याच्या बेतात येते, बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर मारत बसावे लागत नाही. ही सोय ‘आधुनिक’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे, की मॉरिस मायनर आणि अनेक जुन्या एमजी गाड्यांना कारखान्यातूनच एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप बसवलेला असे. त्याची टिकटिक हीच त्याची खूण. कार्ब्युरेटर भरला की ती थांबते. इंजिन बंद असताना ती थांबतच नसेल, तर पेट्रोल कुठेतरी गळत असण्याचा संशय आधी घ्यावा.

मग धोका कुठे?

पहिला धोका दाबाचा. जुन्या कार्ब्युरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय दाब पुरतो. इंधन फवारणाऱ्या नव्या मोटारींचे पंप ४० पीएसआय किंवा त्याहून अधिक दाब देतात, म्हणजे चाकातल्या हवेपेक्षाही जास्त. बाजारात सहज मिळतो म्हणून असा पंप लावला, तर कार्ब्युरेटरमधली सुईची झडप टिकाव धरत नाही आणि पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर सांडते. पंप कमी दाबाचाच हवा. तसा न मिळाल्यास दाबनियंत्रक अनिवार्य.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. इंजिन थांबले की मूळ पंप आपोआप थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला मात्र इंजिन थांबल्याचे कळत नाही. अपघातात नळी तुटली आणि किल्ली चालूच राहिली, तर तो तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहतो. म्हणून धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच, किंवा इंजिनात तेलाचा दाब असेल तरच पंपाला वीज देणारा स्विच बसवणे, ही या कामातली पहिली अट मानली पाहिजे. रिले आणि फ्यूज हवेतच. दोन वायरी जोडून काम उरकणारा कारागीर कितीही जुना असला तरी त्याला थांबवावे.

जोडणीतही एक खाच आहे. त्या काळच्या अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, काहींची वीजव्यवस्था ६ व्होल्टची असते. आजचे बहुतेक इलेक्ट्रॉनिक पंप १२ व्होल्टचे आणि ऋण टोक सांगाड्याला जोडण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. उलट जोडणी झाली तर पंप जळतो.

मूळपणाचे काय?

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनातील फेरफार या व्याख्येत बसत नाहीत. त्यामुळे मूळ पंप भंगारात घालू नये. नवा पंप भोके न पाडता बसवावा आणि उद्या काढता येईल असाच ठेवावा.

मूळ पंप दाखवण्यापुरता जागेवर ठेवला तरी नव्या पंपाचे पेट्रोल त्यातून नेऊ नये, नळी त्याला वळसा घालून थेट कार्ब्युरेटरला जोडावी. कारण जुना डायफ्रॅम फाटला, तर मागून ढकललेले पेट्रोल त्या फटीतून इंजिनाच्या तेलात उतरते. तेल पातळ होऊन बेअरिंग झिजतात, शिवाय साठलेल्या वाफेचा भडका उडू शकतो. काम झाल्यावर पहिले काही दिवस डिपस्टिक काढून पाहावी. तेलाची पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला, तर मोटार सुरू न करता आधी ते तेल काढून टाकावे.