बबीनाचा मतदार आणि लखनौचे राजभवन

मुंबईहून निघालेल्या गाडीने ललितपूर मागे टाकले की झाशीच्या अलीकडे बबीना हे स्थानक लागते. लष्करी छावणी, सरावाचे विस्तीर्ण मैदान आणि सभोवती बुंदेलखंडातील अवर्षणग्रस्त गावे, एवढीच या ठिकाणाची बाहेरच्यांना असलेली ओळख. परंतु बबीना हा उत्तर प्रदेश विधानसभेचा एक मतदारसंघही आहे. येथील शेतकरी, शेतमजूर व माजी सैनिक रांगेत उभे राहून आपला प्रतिनिधी लखनौला पाठवतात. त्याच लखनौत जुलै 2014 ते जुलै 2019 अशी पाच वर्षे एक मराठी गृहस्थ, श्री. राम नाईक, राज्यपालपदी होते. त्यांना बबीनाच्याच काय, त्या राज्यातील एकाही मतदाराने निवडून दिलेले नव्हते. या विसंगतीचा विचार व्हावयास हवा.

श्री. नाईक यांचा राजकीय प्रवास सामान्य नव्हे. 1934 साली सांगलीत जन्म, आटपाडीत शिक्षण, मुंबईत महालेखापालांच्या कार्यालयात कारकुनी, पुढे जनसंघाचे पूर्णवेळ काम. 1978 पासून तीनदा ते बोरिवलीतून विधानसभेवर गेले आणि 1989 पासून सलग पाच वेळा उत्तर मुंबईतून लोकसभेवर. त्यांच्या विचारसरणीशी आमचे वैर जुने व उघड आहे. तरीही पेट्रोलियम मंत्री असताना हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या सार्वजनिक कंपन्या विकण्यास त्यांनी आपल्याच मंत्रिमंडळात विरोध केला होता, हे नमूद करणे न्यायाचे होईल. सप्टेंबर 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेच्या संमतीशिवाय ही विक्री होऊ शकत नाही असा निर्णय दिला. 2004 व 2009 मध्ये मतदारांनी त्यांना नाकारले आणि तो कौल त्यांनी मान्य केला. पंचवीस वर्षे त्यांच्या सत्तेचा उगम मतपेटीत होता, आणि ती काढून घेण्याचा अधिकारही मतदारांकडेच होता.

2014 साली मात्र हा उगम बदलला. केंद्रात भाजपचे सरकार येताच जूनमध्ये उत्तर प्रदेशचे राज्यपाल बी. एल. जोशी यांनी राजीनामा दिला. काही काळ तेथील कार्यभार पाहणारे अझीझ कुरेशी यांनी तर आपल्यावर राजीनाम्यासाठी दबाव येत असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात नेली. जागा अशी मोकळी झाल्यावर श्री. नाईक तेथे पोहोचले. ही रीत भाजपची एकट्याची नाही. जुलै 2004 मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने याच राज्याचे राज्यपाल विष्णुकांत शास्त्री यांच्यासह चार राज्यपालांना हटविले होते. त्या सरकारला डाव्या पक्षांचा बाहेरून पाठिंबा होता, ही गोष्ट आपण स्वतःपासूनही लपवू नये. राज्यपालाला मनमानीने काढता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली बजावले. पुढे काय झाले ते 2014 ने दाखविले.

लखनौत तेव्हा समाजवादी पक्षाचे सरकार होते. 2015 साली विधान परिषदेवर नियुक्तीसाठी सरकारने पाठविलेल्या नऊ नावांपैकी चार राज्यपालांनी मान्य केली व पाच परत पाठविली. लोकायुक्ताच्या नेमणुकीची फाइल राजभवन व मंत्रालय यांच्यात हेलपाटे घालीत राहिली आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. त्या सरकारने निवडलेली नावे योग्यच होती, असे कोणी म्हणणार नाही. श्री. नाईक दरवर्षी आपल्या कार्याचा अहवाल प्रसिद्ध करीत. जानेवारी 2018 मधील कासगंजचा हिंसाचार हे राज्याला लांछन असल्याचे त्यांनी, आपल्याच जुन्या पक्षाचे सरकार असताना, जाहीरपणे सांगितले. परंतु अहवाल प्रसिद्ध करणे वेगळे आणि उत्तरदायी असणे वेगळे. त्या अहवालावर नापसंतीचे मत नोंदविण्याचा कोणता मार्ग बबीनाच्या शेतकऱ्याजवळ होता? झाशीच्या बुंदेलखंड विद्यापीठाचे कुलपतीही राज्यपालच असतात. तेथे शिकणाऱ्या त्याच्या मुलाजवळ तरी होता काय?

ही परिस्थिती अटळ नव्हती. 1947 साली घटना समितीपुढे आलेल्या मूळ योजनेत राज्यपाल प्रौढ मताधिकाराने निवडला जाणार होता. 1949 साली ती योजना सोडून नियुक्तीची पद्धत स्वीकारण्यात आली व केंद्राच्या मर्जीवर टिकणारे पद निर्माण झाले. त्याचा उपयोग कसा झाला, याची साक्ष इतिहास देतो. 1959 साली केरळातील ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचे मंत्रिमंडळ आणि 1967 साली धर्मवीर यांच्या हातून पश्चिम बंगालमधील संयुक्त आघाडीचे मंत्रिमंडळ बडतर्फ झाले. 1977 साली जनता पक्षाने व 1980 साली काँग्रेसने प्रत्येकी नऊ विधानसभा विसर्जित केल्या. दोन्ही वेळा त्यांत उत्तर प्रदेश होते. फेब्रुवारी 1998 मध्ये राज्यपाल रोमेश भंडारी यांनी एका रात्रीत कल्याणसिंग यांना काढून जगदंबिका पाल यांना मुख्यमंत्री केले. त्या वेळी बळी भाजपचा होता, तरीही तो अन्यायच होता. महाराष्ट्राने 2019 साली पहाटेचा शपथविधी पाहिला. जून 2022 मध्ये बहुमत चाचणीचा आदेश देण्याची राज्यपालांची कृती समर्थनीय नव्हती, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये म्हटले. तोवर सरकार मात्र गेले होते.

काही मराठी वाचकांना आपला माणूस लखनौच्या राजभवनात बसल्याचा अभिमान वाटला असेल. त्यांना झाशीच्याच दोन मराठी माणसांची आठवण करून द्यावीशी वाटते. रघुनाथ विनायक धुळेकर घटना समितीत होते आणि 1952 साली झाशीच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठविले. झाशी जिल्ह्यातील आत्माराम गोविंद खेर उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष झाले. हिंदी भाषिक जनतेने त्यांना आपले मानून निवडले. नेमून आलेल्या मानापेक्षा हा मान मोठा आहे.

केंद्रातील सत्ताधारी पक्षाचा राजकारणी अन्य पक्षाच्या राज्यात राज्यपाल म्हणून नेमू नये, असे सरकारिया आयोगाने 1988 सालीच सांगितले होते. राज्यपालाला दूर करण्याचा अधिकार विधानसभेकडे असावा, असे पुंछी आयोगाने 2010 साली सुचविले. दोन्ही अहवाल कपाटात आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विधेयकांवरील निर्णयासाठी राज्यपालांना कालमर्यादा घालून देता येत नाही, असे मत दिले. त्याच सुमारास अनेक राज्यांत ‘राजभवन’ ही पाटी उतरवून ‘लोकभवन’ ही पाटी लावण्यात आली. पाटी बदलली, नेमणूक मात्र दिल्लीच करते.

म्हणून चांगल्या राज्यपालाची मागणी करून भागणार नाही. चांगला माणूसही ज्या पदावर दिल्लीच्या मर्जीचा बांधील होतो, ते पद रद्द झाले पाहिजे. आणि ते होईपर्यंत त्याची नेमणूक व पदच्युती विधानसभेच्या हाती आली पाहिजे. ही मागणी कोणा एका पक्षाच्या सोयीची नाही. उन्हात रांगेत उभे राहून दिलेले मत दिल्लीच्या एका आदेशाने निरर्थक होऊ नये, एवढा साधा हक्क बबीनाच्या मतदाराला आहे, आणि तो मिळवून देणे हे लोकशाही चळवळीचे काम आहे.